प्रेमचंद रायचंद दलाल व मुंबईचा शेअरांचा बाजार (शके १७८३–१७९०)

१. अव्वल इंग्रजींतील मुंबईचा इतिहास लिहिणारांस शेठ प्रेमचंद रायचंद यांचें नांव दोन ठिकाणीं आढळतें. एक ठिकाण युनिव्हर्सिट्यांच्या देणग्यांच्या कागदांचें. दुसरें, मुंबई बँक कां बुडाली याची चौकशी करणाऱ्या कमिशनच्या अहवालाचें. पहिल्यांत ते विद्येचे आश्रयदाते आहेत. दुसऱ्यांत सरकारच्या भागीदारीनें चाललेल्या एका बँकेच्या नाशाशीं त्यांचा निकट संबंध दाखविलेला आहे. एकाच पुरुषाचीं हीं दोन चित्रें अवघ्या चार-पांच वर्षांच्या अवधींतील आहेत, व दोन्ही अस्सल कागदांवर आधारलेलीं आहेत. स्तुतिकार पहिलें घेऊन दुसरें झांकतात, टीकाकार दुसरें घेऊन पहिलें विसरतात. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, दोन्ही चित्रें एकाच पैशाचीं आहेत. आणि त्या पैशाचा जमाखर्च पुरा लिहावयाचा तर तिसऱ्या प्रकारचे कागद, म्हणजे मोफसलांतील खाजगी दप्तरांतील कागद, जपून ठेविले पाहिजेत. पेण, रोहें व त्यांच्या आसपासच्या संग्राहकांस ही विनंति विशेषेंकरून आहे. तिचीं कारणें पुढें येतील.

२. प्रेमचंद यांचा जन्म १८३१ सालीं सुरतेस जैन वणिक् कुळांत झाला. त्यांचे वडील रायचंद दीपचंद हे व्यापारानिमित्त मुंबईस आले. सुरतेचें वैभव त्या वेळीं ओसरलें होतें व तेथील व्यापारी कुटुंबें एकामागून एक मुंबईची वाट धरीत होतीं; त्यांतलेंच हें एक. प्रेमचंद यांनीं मुंबईस इंग्रजी विद्या घेतली व रतनचंद लाला नांवाच्या दलालाच्या हाताखालीं धंद्यास आरंभ केला. इंग्रजी लिहितां-बोलतां येणारा पहिला देशी दलाल, अशी त्यांची प्रसिद्धि होती. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाहीं. तोंपर्यंत इंग्रज पेढीवाला व देशी सावकार यांच्या मध्यें दुभाषा, कारकून, मुनीम अशी माणसांची रांग उभी असे. प्रेमचंद यांनीं ती रांग मोडिली. बँकेच्या सेक्रेटरीच्या खोलींत व कापसाच्या वखारींत ते सारख्याच सहजतेनें वावरत. एका ठिकाणची बातमी दुसऱ्या ठिकाणीं सर्वांच्या आधीं पोंचविणें हेंच त्यांचें भांडवल झालें. त्यांची स्मरणशक्तिही दांडगी होती. दिवसभरांतील सौदे टिपून न घेतां ध्यानांत ठेवीत, असें त्यांना ओळखणारांनीं लिहून ठेविलें आहे. सर दिनशा वाच्छा यांनीं १९१० सालीं मुंबईच्या या आर्थिक प्रकरणावर व १९१३ सालीं प्रेमचंद यांच्या चरित्रावर स्वतंत्र पुस्तकें लिहिलीं. वाच्छा यांनीं ती धामधूम तरुणपणीं डोळ्यांनीं पाहिली होती, म्हणून त्यांच्या लेखनास मोल आहे. मात्र तें पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळानंतरचें आहे, हें संशोधकानें विसरूं नये.

३. प्रेमचंद हे कर्तबगार दलाल म्हणून राहिले असते व तेवढ्यावरच संपले असते. त्यांना शेअरबाजाराचे धनी केलें तें अमेरिकेंतील यादवीनें. इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकीं तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. एप्रिल १८६१ मध्यें, म्हणजे शके १७८३ च्या प्रारंभीं, उत्तर व दक्षिण यांचें युद्ध जुंपलें आणि उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं. गिरण्यांना दुसरा कापूस पाहिजे झाला, व तो पुरविण्याजोगें सर्वांत मोठें बंदर मुंबई हें होतें. गुजराथ, खानदेश, वऱ्हाड, धारवाड येथील कापूस येथूनच चढे. भाव कित्येक पट वाढले. जुन्या गाद्या-गिरद्यांतील कापूस काढून लोकांनीं विकला, अशा गोष्टी त्या काळच्या लेखकांनीं नमूद केल्या आहेत. कापसाच्या बदल्यांत विलायतेहून सोनें-रुपें येऊं लागलें. गोविंद नारायण माडगांवकर यांचें "मुंबईचें वर्णन" १८६३ सालीं प्रसिद्ध झालें, तें ह्या भरतीच्या ऐन चढत्या वेळीं. पुढील ओहोटीची वार्ता ज्यास नाहीं अशा समकालीन मराठी माणसानें पाहिलेली मुंबई त्यांत आहे. नंतर लिहिलेल्या ग्रंथांशीं ताडून पाहण्यास तें फार उपयोगी आहे.

४. आलेला पैसा कोठें घालावा, हा प्रश्न होता. जमीनजुमला व दागिने यांपलीकडे पैसा गुंतविण्याची वाट तोंवर देशी लोकांस फारशी नव्हती. ती वाट कंपन्यांनीं दाखविली. १८६५ च्या आरंभीं मुंबईंत ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशनें व ८ जमीन-कंपन्या होत्या, असें त्या वेळच्या गणनेवरून दिसतें. याखेरीज कापूस दाबण्याच्या, जहाजांच्या व विम्याच्या कंपन्या निराळ्याच. या कंपन्यांपैकीं पुष्कळांना धंदा असा नव्हताच. एका कंपनीनें दुसरीचे शेअर घ्यावे व दुसरीनें पहिलीचे, एवढाच त्यांचा व्यवहार. कंपनी काढणारांस प्रेमचंद यांचें नांव पाहिजे असे, कारण त्यांचें नांव लागलें कीं शेअरांस प्रीमियम चढे. त्याबद्दल नव्या कंपनीचे कांहीं शेअर वांटण्याचा अधिकार त्यांच्याकडे येई. ते शेअर ज्यास मिळाले तो घरीं जाण्यापूर्वींच नफ्यानें विकूं शके. म्हणून त्यांच्या दारीं सकाळपासून थोरामोठ्यांची दाटी होत असे, व त्यांत इंग्रज अंमलदारही असत.

सर्वांत गाजली ती बॅकबे भरणीची कंपनी. मलबार टेंकडीपासून कुलाब्यापर्यंतचा उथळ समुद्र भरून जमीन करावयाची, अशी तिची योजना होती. पांच हजार रुपये भरणा झालेल्या तिच्या शेअरास पंचवीस हजारांहून अधिक प्रीमियम आला होता. येथें पेण व अलिबागेकडील वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. समुद्र हटवून जमीन करणें ही गोष्ट त्यांस नवी नाहीं. खाडीच्या कांठीं बांध घालावयाचा, भरतीचें पाणी बाहेर अडवावयाचें, पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं उघाडीवाटे सोडावयाचें, आणि कांहीं पावसाळे गेल्यावर जमिनींतलें मीठ धुऊन निघालें म्हणजे भात लावावयाचें, ही खारबंदिस्ती त्या प्रांतीं पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. शिलोत्री जमिनींत बाहेरच्या बांधाची निगा राखणारा शिलोत्रदार त्याबद्दल कुळांपासून धान्याच्या रूपानें वेगळा हक्क घेई. तेथें हक्क व बांध यांचा संबंध प्रत्यक्ष होता. बांध फुटला तर भात गेलें व हक्कही गेला. बॅकबेच्या कंपनींत हा संबंधच तुटला. मातीची पाटी पडण्याच्या आधींच जमिनीचा नफा हातोहात विकला गेला. खाराच्या मालकास पीक येईपर्यंत धीर धरावा लागे. शेअराच्या मालकास दुसरा गिऱ्हाईक येईपर्यंतच धरावा लागे. सट्टा व उद्योग यांतला भेद याहून सोप्या शब्दांत सांगतां येणार नाहीं.

५. तथापि नुसत्या लोभानें एवढा डोलारा उभा राहात नाहीं. त्यास कर्जाचा टेकू लागतो. तो मुंबई बँकेनें दिला, व प्रेमचंद यांच्या चरित्रांतील वादाचा खरा मुद्दा हाच आहे. ही बँक १८४० सालीं स्थापन झाली. मूळ भांडवल ५२ लक्ष २५ हजार रुपयांचें. त्यांत सरकारचा भाग होता व डायरेक्टरांपैकीं कांहीं सरकार नेमी. जुन्या सनदेप्रमाणें बँकेनें कोणत्या तारणावर कर्ज द्यावें याला कडक मर्यादा होत्या. १८६३ सालच्या १० व्या आक्टानें ती सनद बदलली, आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. त्याच सुमारास बँकेचें भांडवलही दुप्पट करण्यांत आलें.

शेअरावर कर्ज दिल्यानें काय होतें, हें समजुतीसाठीं कल्पित आंकड्यांनीं सांगतों. एका शेअरावर १,००० रुपये भरणा झाला आहे, व बाजारांत त्याची किंमत ३,००० आहे. बँक त्यावर २,००० कर्ज देते. कर्जदार त्या पैशानें आणखी शेअर घेतो. मागणी वाढते म्हणून किंमत ४,००० होते. आतां बँकेस तारण अधिकच भरभक्कम वाटूं लागतें व ती आणखी कर्ज देते. म्हणजे बँकेचें कर्जच शेअराची किंमत चढवितें, व चढलेली किंमतच कर्जाचें समर्थन करितें. उलट किंमत ५०० वर आली कीं बँकेच्या हातीं २,००० च्या येण्यापोटीं ५०० चा कागद उरतो, आणि तोही विकावयास काढला तर घेणारा नाहीं. बँकेचा सेक्रेटरी जेम्स ब्लेअर याच्यावर प्रेमचंद यांचें वजन विलक्षण होतें. त्यांच्या शिफारशीनें आलेल्या माणसास कर्ज मिळे. तारण पुरतें आहे कीं नाहीं हें मागून पाहिलें जाई, किंवा पाहिलेंही जात नसे. बँकेचे डायरेक्टर बहुतेक स्वतः शेअरांच्या व्यवहारांत गुंतलेले होते. तेव्हां अडवावें कोणीं?

६. ९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली शरण गेला. इराणच्या आखातांतून विलायतेशीं तारायंत्राचा संबंध त्याच वर्षीं जुळला होता, त्यामुळें बातमी पूर्वींपेक्षां लवकर येऊन पोंचली. कापसाचे भाव कोसळले, आणि त्यांबरोबर शेअरही. परंतु खरा घाव १ जुलैचा. पुष्कळसे सौदे वायद्याचे होते : शेअर आज विकावयाचे, ते हवालीं करण्याची व पैसे देण्याची मुदत पुढची. १ जुलै १८६५ ही अनेक मोठ्या सौद्यांची मुदत होती. ती तारीख म्हणजे शके १७८७ क्रोधननाम संवत्सर, आषाढ शुद्ध पक्ष, मंदवार. त्या दिवशीं ज्यानें घ्यावयाचे त्याच्यापाशीं पैसे नव्हते. ज्यास पैसे मिळावयाचे तो त्याच पैशांवर दुसऱ्याचें देणें भागविणार होता. एक गांठ सुटली तशी साखळींतील सर्व कड्या निखळल्या. सट्ट्याच्या आनुषंगिक करारांस न्यायालयाचा आधार मिळूं नये म्हणून मुंबई सरकारनें त्याच सालीं ३ रा आक्ट केला; पण तो पूर आल्यावर घातलेला बांध होता. त्याच जुलैच्या ३१ तारखेस नाना शंकरशेट वारले, आणि जुन्या मुंबईचें एक पर्व संपलें.

पुढील वर्षीं लंडनांतूनही धक्का आला. १० मे १८६६ रोजीं ओव्हरेंड गर्नी ही तेथील नामांकित पेढी बंद पडली व तिच्यामागून अनेक बँका गेल्या. प्रेमचंद यांचा ज्या एशियाटिक बँकिंग कार्पोरेशनशीं निकट संबंध होता, तिचेंही काम त्याच सालीं आटोपलें. खुद्द प्रेमचंद यांचेंही दिवाळें वाजलें. मुंबई बँक आणखी कांहीं महिने तग धरून होती. शेवटीं १८६८ सालीं ती मोडून नवी मुंबई बँक काढावी लागली.

७. त्या सालीं सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीचें कमिशन बसलें. त्याच्या निर्णयाचा सारांश असा : पहिलें कारण, सनदेंत केलेला बदल, दुसरें, त्या बदलानें मिळालेल्या अधिकाराचा दुर्बळ व नीतिभ्रष्ट सेक्रेटऱ्यांनीं केलेला दुरुपयोग, तिसरें, अध्यक्ष व डायरेक्टर यांची हयगय व अपात्रता, चौथें, काळाची असाधारण परिस्थिति, आणि पांचवें, योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव. वाचकांनीं या क्रमाकडे लक्ष द्यावें. एका माणसाचें नांव कारणांच्या यादींत नाहीं. तरीही सेक्रेटऱ्यांच्या दुर्बळतेचा लाभ कोणीं घेतला, हें विचारल्यास साक्षींतून प्रेमचंद यांचें नांव पुनःपुन्हां पुढें येतें.

आमच्या मतें न्याय असा होतो. प्रेमचंद यांनीं सनद बदलली नाहीं. ती सरकारनें बदलली. बँकेची किल्ली त्यांच्या हातीं नव्हती. ज्यांच्या हातीं होती त्यांनीं ती त्यांच्यापुढें ठेविली. सरकारचे डायरेक्टर त्या मेजाशीं बसत होते, व गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सरकारलाही पुढें दोष आला. एका देशी दलालाच्या माथीं सर्व खापर फोडणें त्या वेळच्या अनेक इंग्रजांस सोईचें होतें, हेंही उघड आहे. परंतु एवढ्यानें प्रेमचंद निर्दोष ठरत नाहींत. बाजाराचें त्यांच्याइतकें ज्ञान दुसऱ्या कोणास नव्हतें. तारण म्हणून ठेविलेल्या कागदाचें मोल काय आहे हें सेक्रेटरीस ठाऊक नसेल, दलालास ठाऊक होतें. जाणत्यानें अजाणत्याच्या हातून दुसऱ्याचा पैसा उधळविला, हा त्यांच्यावरील दोष राहतोच.

८. आतां दानांचा विचार. १८६४ सालीं, म्हणजे बाजार शिखरास पोंचत असतां, प्रेमचंद यांनीं मुंबई युनिव्हर्सिटीस प्रथम पुस्तकालयासाठीं दोन लक्ष, व थोड्याच दिवसांनीं घड्याळाच्या मनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्यास मातुःश्री राजाबाई यांचें नांव मिळालें. नकाशे इंग्लंडांतील सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीं केले. काम १८६९ त सुरू होऊन १८७८ त पुरें झालें. दात्याचें दिवाळें निघाल्यावर बारा वर्षांनीं दानाची इमारत उभी राहिली, हा योग चमत्कारिक खरा. राजाबाई अंध होत्या व सूर्यास्तापूर्वीं भोजन उरकण्याचा जैन नियम पाळतां यावा म्हणून मनोऱ्याची घंटा त्यांस वेळ सांगे, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. त्या पुस्तकालयाशीं आमच्या वाचकांचा संबंध थेट आहे. तेथील फारसी, अरबी व उर्दू पोथ्यांची यादी शेख अब्दुल कादर सरफराज यांनीं १९३५ सालीं, व संस्कृत पोथ्यांची यादी देवस्थळी यांनीं १९४४ सालीं छापली. त्या याद्या चाळतांना पोथ्या ज्या छपराखालीं आहेत त्याचा पैसा कोठून आला, हें कोणी सहसा मनांत आणीत नाहीं.

दुसरें मोठें दान कलकत्ता युनिव्हर्सिटीस १८६६ सालीं दिलेलें दोन लक्ष रुपयांचें. त्यांतून प्रेमचंद रायचंद स्टूडंटशिप चालू झाली. ही शिष्यवृत्ति जदुनाथ सरकार यांस १८९७ सालीं मिळाली. तिच्यासाठीं केलेल्या अभ्यासांतून त्यांचा औरंगझेबकालीन हिंदुस्थानावरील पहिला ग्रंथ १९०१ सालीं निघाला. शिवकालाचा व औरंगझेबाचा इतिहास फारसी साधनांवरून लिहिण्याचा जो मार्ग सरकारांनीं पुढें चालविला, त्याचा आरंभ येथें आहे. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर १९२३ सालीं ग्रंथ लिहिणारे सुरेन्द्रनाथ सेन हेही याच शिष्यवृत्तीचे मानकरी. पुणेकर व बंगाली संशोधक यांच्यामध्यें शिवचरित्राच्या साधनांवरून जे वाद झाले ते वाचकांस ठाऊकच आहेत. त्या वादांतील एका पक्षाची विद्या अंशतः मुंबईच्या शेअरबाजाराच्या पैशावर पोसली होती, ही गोष्ट नोंदून ठेवण्याजोगी आहे.

९. याच पैशानें दुसऱ्या हातानें काय हिरावून घेतलें, हेंही पाहिलें पाहिजे. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं. वैद्यकीचा मोठा धंदा करून मिळालेला पैसा त्यांनीं ताम्रपट, शिलालेखांचे ठसे, नाणीं व पोथ्या जमविण्यांत घातला. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनीं केलेलें काम सर्वश्रुत आहे. शेअरांच्या व्यवहारांत त्यांची मिळकत गेली. १८७४ सालीं ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेंत त्यांच्या नांवाचा पोथीसंग्रह राहिला. त्याचें वर्णन वेलणकरांच्या यादींत मिळतें. त्यांचे विखुरलेले निबंध एकत्र छापून निघावयास १८८८ साल उजाडलें. स्वतःच्या खर्चानें नकलनवीस व पंडित ठेवून देशभर शोध करणारा धनवान् विद्वान् हा वर्ग मुंबईंत नुकता कोठें उदयास येत होता. त्याच्या अग्रणीचेंच द्रव्यबळ त्या वर्षीं खचलें. एकीकडे पुस्तकालय उभें राहिलें, दुसरीकडे संग्राहक बुडाला. दानाची रक्कम दगडावर कोरतां येते. न झालेल्या शोधाचा शिलालेख कोणी लावीत नाहीं. म्हणून प्रेमचंद यांच्या जमाखर्चांत जमेची बाजू नेहमीं ठळक दिसते, आणि खर्चाची बाजू शोधून काढावी लागते.

१०. प्रेमचंद पुढें चाळीस वर्षें जगले. दलाली त्यांनीं सोडली नाहीं. पूर्वींची सत्ता मात्र परत आली नाहीं. १८७५ सालीं मुंबईच्या देशी शेअर-दलालांनीं आपली मंडळी स्थापन केली. आजचा मुंबई शेअरबाजार तो हाच, व त्याच्या आद्य पुरुषांत त्यांची गणना होते. १९०६ सालीं ते वारले. मोडलेल्या बँकेची परंपरा तिकडे चालूच होती. १८६८ ची नवी मुंबई बँक १९२१ सालीं बंगाल व मद्रास येथील बँकांशीं मिळून इंपीरियल बँक झाली. आणि इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजीं स्टेट बँक झाली. योगायोग असा कीं १८६५ च्या दिवाळ्यांची तारीखही १ जुलैच होती. हें स्थित्यंतर झालें तेव्हां हिंदुस्थानचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे होते : रोह्याच्या घराण्यांतले, रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, आणि १९५२ सालीं कुलाब्यांतून लोकसभेवर निवडून गेलेले. शेअरांच्या सौद्यांवर सबंध देशास एकच कायदा लागू करणारें बिल त्यांच्याच कारकीर्दींत १९५४ सालीं पुढें आलें व १९५६ सालीं त्याचा कायदा झाला. शेअरबाजाराच्या बेबंदपणानें बुडालेल्या बँकेची वारस बँक राष्ट्राच्या मालकीची करणें व त्या बाजारास सर्वत्र लगाम घालणारें बिल पुढें आणणें, हीं दोन्ही कामें रोह्याच्या एका पुरुषाच्या अमदानींत व्हावीं, हें त्या गांवास भूषणावह आहे.

कायद्यानें सर्व संकटें टळतात असें मात्र नव्हे. २०१० सालीं पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, व हजारों ठेवीदारांच्या पैशांचा प्रश्न पुढें वर्षानुवर्षें चालला. बँक बुडते तेव्हां जाणत्यांचें काय होतें हें अहवालांत येतें. अजाणत्यांचें काय होतें हें पासबुकांत व पावत्यांत राहतें. पेणकरांस हें निराळें सांगावयास नको.

११. आतां मूळ विनंतीकडे वळतों. पेणच्या अंतोरें बंदरांतून व धरमतरच्या खाडींतून, तसेंच रोह्याहून कुंडलिकेच्या वाटेनें रेवदंड्याकडून भात, मीठ, लांकूडफांटा मुंबईस जात असे, व त्याचा पैसा मुंबईच्या पेढ्यांवरून फिरत असे. जेथें मुंबईच्या पेढीशीं खातें होतें तेथें शके १७८३ ते १७९० या आठ वर्षांच्या वह्यांना विशेष मोल आहे. आमच्या संग्राहकांची दृष्टि सनदा, महजर, निवाडे, बखरी यांकडे असते. इंग्रजी अमलांतील खतावण्या व छापील चिठ्ठ्या त्यांस निरुपयोगी वाटतात, आणि रद्दींत जातात. त्या जाऊं देऊं नयेत. कोणते कागद ओळखून बाजूस ठेवावे, हें थोडक्यांत सांगतों.

(अ) कंपन्यांचे शेअर-रोखे, व भरण्याचे पुढील हप्ते मागणाऱ्या नोटिसा. कंपनी मोडल्यावरही उरलेला भरणा शेअरवाल्याकडून वसूल करतां येई, म्हणून या नोटिसांवरून कोणाचें नुकसान किती झालें हें कळतें.

(आ) हुंड्यांच्या नकला व न पटलेल्या हुंड्या. ज्या पेढीची हुंडी शके १७८७ च्या आषाढापूर्वीं पटत होती व नंतर परत आली, ती पेढी केव्हां बसली याचा तो अस्सल पुरावा होय.

(इ) जमिनीचीं गहाणखतें व खरेदीखतें. खार, बागाईत किंवा मिठागर या वर्षांत गहाण पडलें असेल तर कर्जाचें कारण खतांत आहे काय, तें पाहावें.

(ई) घरगुती पत्रें. शेअर, वायदा, भरणा, प्रीमियम, बॅकबे हे शब्द मोडी पत्रांत निरनिराळ्या रूपांनीं येणें साहजिक आहे. वाचतांना ते चुकीचें लेखन म्हणून सोडून देऊं नये.

येथें एक सूचना अवश्य आहे. या काळच्या कागदांत "कुलाबा" हें नांव दोन अर्थांनीं येतें. "कुलाबा लँड कंपनी" इत्यादि नांवांत तें मुंबई बेटाच्या दक्षिण टोंकाचें आहे. अलिबागेच्या किल्ल्याशीं अथवा त्यावरून नांव पडलेल्या जिल्ह्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा १८६९ सालीं झाला, म्हणजे शेअरांचा बाजार बुडाल्यानंतर. व १९८१ सालीं त्याचें नांव रायगड झालें. ही गोष्ट ध्यानांत न ठेवल्यास मुंबईची कंपनी अलिबागेस नेऊन बसविण्याचा प्रमाद सहज घडेल.

अशा कागदांवर तारीख, पेढीचें नांव, रक्कम व कागद ज्या घरीं मिळाला त्या गांवाचें नांव एवढें टिपून ठेविलें तरी पुरे. अर्थ लावण्याचें काम मागाहून होऊं शकतें. घरच्या अब्रूच्या विचारानें दिवाळ्याचे कागद जाळण्याची चाल आहे. दीडशें वर्षांहून जुन्या देण्याची लाज आतां कोणास वाटण्याचें कारण नाहीं. प्रेमचंद रायचंद यांच्या दानांची साक्ष मुंबईचा मनोरा देतो, त्यांच्या दोषांची साक्ष कमिशनचा अहवाल देतो. ज्यांच्या पैशावर दोन्ही उभे राहिले त्यांची साक्ष घरोघरच्या वह्यांत आहे, व ती राखणें हें संग्राहकांच्याच हातीं आहे.